मिळतोय तोवर घटस्फोट

मापसाहेबांना घटस्फोट नको होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढची हकीकत ऐकून लोक नाही नाही ते तर्क लढवतात, आणि ते तर्क वजनमाप खात्यातल्या एका सरळमार्गी निरीक्षकावर अन्याय करणारे आहेत. दुकानोदुकानी फिरून तराजू तपासणारा हा गृहस्थ. ना दारू, ना विडी, ना बाहेर कुठे डोळा. बायकोवर कधी हात उगारला नाही, आवाजही फारसा चढवला नाही. खोड म्हणाल तर एकच होती. एखादी वस्तू बंद होणार अशी कुणकुण लागली की ती घरात आणून ठेवायची, मग तिची गरज असो वा नसो.

सरकार पिवळे दिवे बंद करणार म्हटल्यावर त्यांनी खोकीच्या खोकी आणून पलंगाखाली लावली. साबणाचा एक जुना कारखाना बुडतोय असं कळलं, तेव्हा आणलेला साबण अजून संपलेला नाही. तो कारखाना मात्र मधल्या काळात पुन्हा उभा राहून दुसऱ्यांदा बुडाला. 'मिळतंय तोवर घेऊन ठेवावं' हे त्यांचं ब्रीद. आणि गंमत अशी की इमारतीत कुणालाही अडीअडचणीला जुन्या पद्धतीची एखादी चीज लागली, की लोक हसत हसत त्यांच्याच दाराची बेल वाजवत. त्यामुळे आपण करतो ते दूरदृष्टीचं आहे, याबद्दल साहेबांची खात्री पटलेली होती.

अशा माणसाच्या हातात एके सकाळी वर्तमानपत्र आलं आणि त्यात बातमी होती, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून घटस्फोटाचा कायदा कडक होणार.

"म्हणजे बंदच झाल्यासारखं की," साहेब चहाचा घोट घेत म्हणाले. "दोन वर्षं वेगळं राहा, समुपदेशकाकडे खेपा घाला, कारणं द्या, पुरावे द्या. आणि आत्ता? एक अर्ज, दोन सह्या. संपलं."

त्यांची बायको खिडकीशी शिवणयंत्रावर बसून कुणाचे तरी पडदे शिवत होती. सगळी इमारत तिला वहिनी म्हणायची, आपणही तेच म्हणू. वहिनींनी मान वर केली नाही.

"आपणही एक घेऊन ठेवावा म्हणतो," साहेब म्हणाले.

"काय?"

"घटस्फोट. वापरायचा नाही अर्थात. नुसता असू द्यायचा घरात. उद्या लागला तर कुठे शोधत बसणार?"

यंत्र थांबलं. "तुम्हाला हवाय?"

"छे! मला कशाला हवाय?"

"मग?"

"मिळतोय म्हणून."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा पाय हलवायला लागल्या.

इथे घोडं पेंड खायला लागलं. कारण साहेबांना 'बरं' अपेक्षित नव्हतं. दिव्यांच्या वेळी, साबणाच्या वेळी, दर वेळी वहिनी "काहीतरीच काय तुमचं!" म्हणाल्या होत्या. आताही तसंच म्हणतील, मग आपण हसू, विषय मिटेल, असा त्यांचा हिशेब होता. इतक्या वर्षांच्या संसाराला नुसतं 'बरं'? पडद्याला झालर लावू का विचारलं तरी ही बाई दोन प्रश्न विचारते! साहेबांच्या मनाला ते फार लागलं. पण लागलंय हे कबूल करायचं म्हणजे माघार घ्यायची, आणि वजनमाप खात्यात माघार घ्यायची पद्धत नसते. ते उठले आणि कोर्टाकडे जाणाऱ्या बसचं वेळापत्रक बघू लागले.

तळमजल्यावर कोर्टातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार राहत. संध्याकाळी साहेब त्यांच्याकडे गेले ते खरं तर या आशेने, की ते म्हणतील, असा बिनकारणाचा घटस्फोट मिळत नाही.

"मिळतो की!" शिरस्तेदार म्हणाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या ज्ञानाला गिऱ्हाईक लागत होतं. "आज सकाळपासून तुम्ही चौथे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण साहेब, आता ती पायरीच काढून टाकतायत. तेव्हा चढून घ्या. आणि एकदा मंजूर झालेला घटस्फोट काही नासत नाही."

"पण आमच्यात भांडणच नाही हो."

"मग तर फारच उत्तम! भांडण असलं की एकमत होत नाही, आणि एकमत नसलं की हा घटस्फोट नाही."

हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं तरी अक्षरशः खरं होतं. साहेबांच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. त्यांच्याकडे रोज भांड्याला भांडं लागायचं, आणि नुसतं लागून राहायचं नाही तर फुटायचं. त्यांनीही या संधीचा लाभ घ्यायचं ठरवलं, पण कोर्टात सोमवारी जायचं की मंगळवारी, यावर जुंपली. बाई सोमवारी जाऊन आल्या, बुवा मंगळवारी जाऊन आले, आणि दोघांचीही सही एकाच वेळी लागते म्हणून दोघांनाही परत पाठवलं. खरी गरज असलेल्यांना रेशन मिळत नाही म्हणतात, ते असं.

साहेब आणि वहिनी मात्र गुरुवारी एकत्र गेले. कोर्टाबाहेर ही भली मोठी रांग. त्या रांगेतली जोडपी पाहून कुणालाही वाटलं असतं, की आत आदर्श संसाराची बक्षिसं वाटतायत. कुणी नवरा बायकोवर छत्री धरून उभा होता. कुणी बायको नवऱ्याला गोळीची आठवण करत होती. "तू बस सावलीत, मी आहे रांगेत," असं जो तो म्हणत होता. साहेबांनीही वहिनींना बाकावर जागा मिळवून दिली आणि त्यासाठी एका धटिंगणाशी वादही घातला. ही सगळी समजूतदार माणसं होती, आणि समजूतदारपणे सगळी एकाच खड्ड्याकडे निघाली होती.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज उलटापालटा करून परत दिला. "जोडीचा फोटो नाही."

"घटस्फोटाला जोडीचा फोटो?"

"जोडी कुठली ते कळायला नको? काल एकाने भलत्याच बाईबरोबर अर्ज दिला. गर्दीत चूक झाली म्हणे."

जोडीचा फोटो म्हणजे लग्नातला एक, तो कुठे असेल देव जाणे. शेवटी कोर्टासमोरच्या फोटोवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानाची गेल्या पंधरवड्यात अशी भरभराट झाली होती की त्याने नवी खुर्ची घेतली होती. त्याने दोघांना पडद्यापुढे उभं केलं, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, जरा जवळ सरका. अजून. आता हात ठेवा ताईंच्या खांद्यावर."

साहेबांनी हात ठेवला. घराबाहेर, चारचौघांत, किती वर्षांनी ठेवला असेल कोण जाणे. त्या खांद्याचं हाड त्यांच्या तळव्याला लागलं आणि त्यांना एकदम वाईट वाटलं. ही इतकी वाळली कधी? रोज समोर असते, यंत्रावर वाकलेली असते, आणि आपल्याला हे फोटोवाल्याच्या दुकानात कळावं?

"हसा," फोटोवाला म्हणाला.

कुणीच हसलं नाही. त्याने तसाच फोटो काढला आणि म्हणाला, "चालतं. हे कोर्टाचं आहे."

परत येताना बसमध्ये 'राहू दे गं, जाऊ दे' हे शब्द साहेबांच्या अगदी ओठांवर आले होते. पण 'बरं' ती म्हणाली होती. मग आधी तिने बोलावं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या मनात काय होतं ते साहेबांनी विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती. दोघंही तोंडात मूग गिळून बसले आणि थांबा आल्यावर उतरले.

फोटो लावून अर्ज दिला होता, चार दिवसांनी तारीख लागली. न्यायाधीशबाई दमलेल्या होत्या. इतक्या दिवसांत एकसारखा एकच प्रश्न विचारून त्यांचा आवाज बसला होता. "संमती स्वखुशीची आहे ना?"

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी साहेबांकडे पाहिलं.

"यांना विचारा," साहेब म्हणाले.

"त्यांनाच विचारा," वहिनी म्हणाल्या.

"मी दोघांनाही विचारतेय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कुणाला काही सांगायचंय?"

त्या खोलीतला पंखा फिरत राहिला. साहेब मनातल्या मनात म्हणत होते, बोल. एक शब्द बोल, मी आत्ता हा कागद फाडतो. त्या बाजूलाही तेच चाललं होतं, हे त्यांना पुढे कळलं. न्यायाधीशबाईंनी थोडं थांबून पाहिलं. मग शिक्का उमटला आणि पुढच्या जोडप्याला हाक गेली.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "आता?"

"आता काय, घरी जायचं."

"कुणाच्या?"

साहेब हसले. वहिनी हसल्या नाहीत, आणि मग साहेबांचंही हसू विरून गेलं.

घरी येऊन दोघांनी चहा घेतला. घटस्फोट कपाटात गेला. साहेबांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपायला हवं होतं. पण शिरस्तेदारांनी ही खबर आपलं यश म्हणून इमारतभर सांगितली, आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर झाले. हे सेक्रेटरी वाईट नव्हते, फक्त नियमावर जीव ठेवून होते.

"गैरसमज नको," ते म्हणाले, "पण नियम काय आहे? घरात मालकाचे कुटुंबीयच राहतील. आता या तुमच्या कोण?"

"या? या वहिनी!"

"तेच विचारतोय. वहिनी हे नातं तुमच्यावरून लागलं होतं. तुम्हीच नाही म्हटल्यावर आम्ही यांना कुठल्या हक्काने वहिनी म्हणायचं?"

बाहेरच्यांनी घरात राहू नये हा नियम सभेत त्यांनीच उभं राहून मांडला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. दुकानदाराने कितीही गयावया केली तरी नियम म्हणजे नियम, असं ज्यांनी जन्मभर सांगितलं, त्यांनी आता कुठल्या तोंडाने सवलत मागायची? वहिनी आतून सगळं ऐकत होत्या. यंत्र बंद होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिचं लग्न होऊन ती दूर दुसऱ्या शहरात राहत होती आणि तिला ही बातमी शेजारणीकडून कळली होती. आधी ती ओरडली. साहेबांनी तिला कायदा समजावून सांगितला, पहिली तारीख सांगितली. मग ती म्हणाली, "बाबा, मी आता सुट्टीत कुणाकडे यायचं?"

त्या रात्री साहेबांना जेवण गेलं नाही. सकाळी उठून ते तडक विवाह नोंदणी कार्यालयात गेले. चूक झाली तर दुरुस्त करावी. तराजूचा काटा हलला तर दुकान बंद करत नाहीत, काटा नीट करतात.

"कुणाशी लग्न करायचंय?" तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"बायकोशी."

"बायको असताना दुसरं लग्न करता येत नाही."

"दुसरं नाही हो, पहिलंच. पुन्हा."

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "अच्छा, त्यातले का तुम्ही. बरेच येतायत. मग घटस्फोटाचं कारण काय होतं?"

"मिळत होता म्हणून."

"तसं चालणार नाही. सबळ कारण सांगा."

साहेब बराच वेळ विचार करत उभे राहिले. सबळ काय, दुर्बळही कारण सापडेना. शेवटी 'गैरसमज' असं सांगून त्यांनी सुटका करून घेतली आणि अर्ज घेऊन घाईघाईने घरी आले. जिन्यात असतानाच त्यांनी हाक मारली, "अगं, झालं बघ काम! फक्त तुझी सही पाहिजे!"

वहिनी बॅग भरत होत्या.

"हे काय?"

"ताईकडे जाते. सेक्रेटरींना उगाच त्रास नको."

"अगं, पण मी अर्ज आणलाय. सही केलीस की संपलं."

वहिनींनी हातातली घडी बाजूला ठेवली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर साहेबांना सोपं गेलं असतं.

"लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी मला सांगितलं," त्या म्हणाल्या. "घटस्फोटाचं तुम्ही पेपर वाचून सांगितलंत. आता पुन्हा लग्न, तेही सांगताय. माझं काय म्हणणं आहे, हे एकदा तरी विचारलंत?"

"तू 'बरं' म्हणालीस!"

"तुम्ही 'नको' म्हणाल म्हणून म्हणाले. मला बघायचं होतं, मला सोडायचं म्हटल्यावर तुमचा जीव हलतो का. तुम्ही बसचं वेळापत्रक बघायला उठलात."

टेम्पो आला, दोन माणसांनी शिवणयंत्र उचलून खाली नेलं, आणि वहिनी त्यामागून जिना उतरल्या. तेलही गेलं, तूपही गेलं, असं शिरस्तेदार खिडकीतून म्हणाले. पण ते ऐकायला साहेब जागेवर नव्हते. ते आत जाऊन, यंत्र होतं तिथल्या फरशीवर उमटलेल्या चार डागांकडे बघत उभे होते.

घर इतकं शांत असू शकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऑफिसात ते दुकानदारांवर चिडायला लागले. रविवारी ताईंकडे गेले. ताई म्हणजे वहिनींची थोरली बहीण, रोखठोक बाई. त्यांनी साहेबांना आत घेतलं, पाणी दिलं आणि समोरच ठाण मांडून बसल्या. साहेबांनी आपली बाजू मांडली. नियम असा आहे, मुलीचं असं म्हणणं आहे, अर्जाची मुदत अशी आहे. सगळं मुद्देसूद.

"बोलून झालं?" ताई म्हणाल्या. "यात तुम्ही कुठे आहात, भाऊजी?"

वहिनी यंत्रावरून उठल्याही नाहीत. साहेब चहा न घेता परतले.

पुढे वर्तमानपत्रात आकडे आले. कायदा बदलण्याआधीच्या महिन्यात कधी नव्हे इतके घटस्फोट झाले होते आणि नंतरच्या महिन्यांत जवळजवळ एकही नाही. मंत्री म्हणाले, बघा, कडक कायद्याने संसार वाचवले. एका विद्वानाने लिहिलं की कुटुंबसंस्था बळकट होते आहे. साहेबांनी ते सगळं मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि ऐकायला कुणी नाही हे लक्षात येऊन थांबले. वरच्या मजल्यावर काहीतरी खळकन फुटलं. वाचलेल्या संसारांपैकी तो एक होता.

खरं म्हणजे त्यांना राग यायला हवा होता, कायद्याचा, मंत्र्यांचा, शिरस्तेदारांचा. पण आली ती लाज. दार बंद होणार एवढं कुणीतरी म्हणालं आणि आपण बाहेर पळालो. आत कोण बसलंय हे वळून पाहिलं नाही.

त्या रविवारी ते पुन्हा ताईंकडे गेले, हात हलवत, अर्जबिर्ज न घेता. ताईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि का कोण जाणे, आत निघून गेल्या.

"मला एक विचारायचंय," साहेब म्हणाले. "तुला माझ्याबरोबर राहायचंय का? तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा येणार नाही. मुलीला मी समजावेन. पण मला कळू दे. मला तुझ्याशिवाय करमत नाही, हे... हे मी आधी सांगायला हवं होतं."

यंत्राचं चाक हळूहळू थांबलं. साहेबांना बसायचंही सुचलं नाही.

"लग्न नको," वहिनी शेवटी म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली आणि ते वळले.

"पुरतं ऐकाल का कधी? लग्न नको, सही नको. येईन मी. पण ज्या दिवशी नकोसं होईल त्या दिवशी निघेन, आणि त्यासाठी कुणाच्या कायद्याची वाट बघणार नाही. चालेल?"

"भीती वाटते गं मला त्याची."

"मला सही करताना वाटली होती," वहिनी म्हणाल्या. "बसा. एवढी शिवण पुरी करते."

टेम्पो परत इमारतीत आला तेव्हा सेक्रेटरी फाटकातच उभे होते. नियमाचा प्रश्न तसाच होता. कुटुंबीय लिहिता येत नव्हतं, भाडेकरू चालत नव्हता. त्यांना स्वतःलाही अवघडल्यासारखं झालं होतं.

"पाहुणी लिहा," वहिनी म्हणाल्या.

"पाहुण्यांना हरकत नाही," सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला. "किती दिवस मुक्काम?"

त्यांनी सवयीने साहेबांकडे पाहिलं. साहेब वहिनींकडे वळले. "किती दिवस राहशील?"

"बघू," वहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून सकाळी कामावर निघताना मापसाहेब दारात थांबतात. पिशवी खांद्याला, चपला पायात, आणि तोंडावर आणलेला उसना सहजपणा. "आज आहेस ना?" ते विचारतात. कधी उत्तर लगेच येतं. कधी आदल्या दिवशी काही बोलाचाली झालेली असते, तेव्हा वहिनी दोरा ओवत राहतात, सुई उजेडाला धरतात, आणि साहेब उंबऱ्याशी उभे राहतात. बस चुकते, चुकू दे. दोरा एकदाचा ओवला जातो.

"आज आहे," वहिनी म्हणतात.